नॉर्मलबाई

तिच्या सासूबाईंना एकदा जिन्यात शेजारणीने गाठलं आणि विचारलं, "तुमची सून डॉक्टर आहे ना हो? कशाची?"

सासूबाईंनी हातातली पिशवी पायरीवर टेकवली. प्रश्न साधा होता, पण सून घरात येऊन बरीच वर्षं झाली तरी त्याचं उत्तर त्यांनाच नीटसं सापडलेलं नव्हतं. सुनेकडे पेशंट येत नाहीत, गळ्यात स्टेथोस्कोप नसतो, कुणाला औषध लिहून देत नाही. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसते आणि जे काही बघते ते धडधाकट माणसांचं असतं, असं स्वतःच्याच तोंडाने सांगते. सासूबाईंनी जुळवाजुळव केली आणि म्हणाल्या, "निरोगी माणसांची. आजारी पडलात तर दुसरीकडे जा."

हे उत्तर शेजारणीमार्फत दोन मजले फिरून तिच्या नवऱ्याच्या कानावर आलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मुळात मितभाषी. पण रात्री जेवताना त्याने ते अगदी आईच्या सुरात करून दाखवलं. ती हसता हसता ठसका लागेपर्यंत हसली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "हसायला काय झालं? चूक सांगितलं का मी?"

चूक काहीच नव्हतं. कॉलेजातही तिच्याबद्दल हेच बोललं जायचं, फक्त थोडक्यात. विद्यार्थी समोर मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की नॉर्मलबाई. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला ती शरीराच्या ऊती शिकवायची. शरीराचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, मेणात बसवायचा, केसाहून पातळ कापायचा, काचपट्टीवर चिकटवून दोन रंगांत बुडवायचा. मग पेशींची केंद्रकं जांभळी दिसतात आणि बाकीचा पसारा गुलाबी. यकृत कसं दिसतं, मूत्रपिंड कसं दिसतं, काहीही बिघडलेलं नसताना कसं दिसतं, हे ती मुलांच्या डोळ्यांत बसवायची. मुलांना ते पाठांतर वाटायचं. त्यांना आजार बघायची घाई असायची.

घाई तिलाही होती. पॅथॉलॉजी शिकायला आली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे कॅन्सर ओळखणं. पेशंटला कधी न भेटता, नुसत्या एका तुकड्यावरून त्याचं पुढचं आयुष्य सांगायचं, यात तिला फार मोठा रुबाब वाटायचा. पहिल्या दिवशी विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, तिला खोलीत बोलावलं. सर वाळक्या अंगाचे, चहा पेनाच्या मागच्या टोकाने ढवळणारे.

"काय बघायला आलीस?"

"कॅन्सर, सर."

"बघशील. आधी अपेंडिक्स बघ."

"कशाने बिघडलेलं?"

"कशानेही न बिघडलेलं," सर म्हणाले आणि पेन पुसून खिशात ठेवलं.

तिला वाटलं, दोन-चार दिवसांचा मामला असेल. तो वर्षभर चालला. बरोबरची मुलं रोज नवीन काहीतरी बघून यायची आणि कँटीनमध्ये हातवारे करून सांगायची. कुणाला फुफ्फुसात क्षयाच्या गाठी दिसल्या, कुणाला रक्ताचा कॅन्सर. हिला विचारलं की ही सांगायची, "लाळग्रंथी. चांगली होती." तिच्याच वर्गातला एक ताडमाड उंच मुलगा होता, त्याला सगळे लंबू म्हणत. तो तिला म्हणाला, "आम्ही कादंबऱ्या वाचतोय आणि तू अजून अंकलिपीत." तिने त्या दिवशी त्याच्याशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी परत धरलं, कारण कँटीनची जागा तोच धरून ठेवायचा.

सरांची आणखी एक अट होती. बघितलेली प्रत्येक गोष्ट रंगीत पेन्सिलींनी काढून आणायची. मोठ्या झालेल्या, डॉक्टर झालेल्या बाईने शाळेतल्या पोरीसारखं गुलाबी-जांभळं रंगवत बसायचं, याचा तिला मनापासून राग यायचा. एकदा तिने कातडीचं चित्र दिलं. चांगलं जमलं होतं, असं तिचं मत.

"कुठली?" सरांनी विचारलं.

"माणसाची, सर."

"ते समजलं. माणसाची कुठली? पापणीची की टाचेची?"

त्या संध्याकाळी ती चिडून परत मायक्रोस्कोपवर बसली आणि अंगावरच्या निरनिराळ्या जागांची कातडी एकामागून एक बघत गेली. टाचेच्या कातडीवर जाडजूड थर, केस नावालाही नाही. पापणीची कातडी कागदासारखी. डोक्याची तर केसांच्या मुळांनी गजबजलेली. उठली तेव्हा मान आखडली होती, पण राग गेला होता. आपण आजवर कातडी नावाचं काहीतरी एकच समजत होतो, हे तिच्या लक्षात आलं.

मग हळूहळू तिला चटकच लागली. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे वळणावर गल्ली बदलल्यासारखं सगळं बदलतं, ते बघायला ती मुद्दाम जायची. लहान मुलाच्या छातीत एक ग्रंथी असते, ती केवढी भरलेली असते आणि म्हाताऱ्याच्या छातीत तिची नुसती चरबी उरते. गर्भाशयाचं अस्तर महिन्याच्या दर आठवड्याला वेगळं. कुणालाही न विचारता नुसतं बघून तारीख सांगता येते. अंगावर पाजणाऱ्या बाईचा स्तन आणि तिच्याच बहिणीचा, जी पाजत नाही, ही दोन वेगळी झाडं वाटावीत. निरोगी म्हणजे एकच एक चेहरा नव्हता. वयाप्रमाणे, जागेप्रमाणे, दिवसाप्रमाणे तो बदलत होता, आणि त्यातले कितीतरी चेहरे असे भीतिदायक होते की अनोळखी माणसाने बघून ओरडावं.

"आता कॅन्सर बघायचा का?" वर्ष सरल्यावर सरांनी विचारलं.

"बघते, सर. पण आधी ते डोळ्याच्या मागचं राहिलंय," ती म्हणाली. सर पहिल्यांदा हसले.

पुढे तिने कॅन्सरही बघितले, पुष्कळ बघितले, आणि चांगले ओळखले. पण नोकरीची वेळ आली तेव्हा बरोबरचे सगळे मोठ्या हॉस्पिटलांच्या प्रयोगशाळांत गेले आणि तिने कॉलेजात शिकवणं घेतलं. दुपारपर्यंत वर्ग, दुपारनंतर थोडंफार रिपोर्टचं काम. लंबू शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात बायोप्सीचे रिपोर्ट द्यायला लागला. दोघांची मैत्री टिकली. अंकलिपीची थट्टाही टिकली.

पॅथॉलॉजी शिकणाऱ्या मोठ्या मुलांना परीक्षेआधी उजळणीसाठी तिच्याकडे पाठवायचे. ती मुलं नाखुशीनेच यायची. आपण आता आजार ओळखणारे झालो, आपल्याला या पहिलीच्या वर्गात कशाला बसवलंय, असा त्यांचा चेहरा असायचा. एका वर्षी तिने खोलीभर मायक्रोस्कोप मांडले, प्रत्येकाखाली एक काचपट्टी ठेवली आणि सांगितलं, "फिरून बघा. आजार असेल तर नाव लिहा, नसेल तर नॉर्मल लिहा."

मुलं फिरली, डोकी खाजवली, लिहिलं. एका काचपट्टीत छोट्या मुलाच्या छातीतली ती ग्रंथी होती; तिच्यात कांद्याच्या चकत्यांसारखे गोल गोल पुंजके असतात. अर्ध्या वर्गाने तिथे कॅन्सर लिहिला. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पांढऱ्या पेशींचे ढीग असतात, तिथे आणखी एक कॅन्सर. पाजणाऱ्या आईच्या स्तनात गाठ. एका मुलीने सगळीकडे नॉर्मल लिहिलं होतं, पण शेजाऱ्यांचे कागद बघून तिचा धीर सुटला आणि तिने दोन ठिकाणी खाडाखोड केली.

कागद वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सगळ्या काचपट्ट्या नॉर्मल होत्या. आपण आज या खोलीत बरीच धडधाकट माणसं आजारी पाडली. त्यातली एक बाळाला पाजत होती."

मुलं हसली.

"हसताय काय? तिचं ऑपरेशन ठरलंय तुमच्यामुळे."

मागून एक जण तक्रारीच्या सुरात म्हणाला, "पण मॅडम, परीक्षेत नॉर्मल विचारतच नाहीत."

"पेशंट विचारतो," ती म्हणाली. "दुसरं काही विचारतच नाही तो."

खाडाखोड करणाऱ्या मुलीला तिने जाताना थांबवलं आणि फक्त एवढंच सांगितलं की पहिल्यांदा लिहिलेलं बरोबर होतं.

अशी तिची वर्षं चालली होती. घरात सासू-सासऱ्यांची भांडणं हे रोजचं पार्श्वसंगीत होतं. सासरे निवृत्त बसचालक. जन्मभर मोकळ्या खिडकीशी बसून गाडी हाकलेली, त्यामुळे घरातली खिडकी सताड उघडी हवी. सासूबाईंना वाऱ्याचं वावडं. ते उघडायचे, त्या लावायच्या. ते रेडिओ मोठा करायचे, त्या बारीक करायच्या. यावरून दोघांच्या तोंडाचा पट्टा सकाळी चालू व्हायचा तो झोपेपर्यंत. नवरा म्हणायचा, "लग्नात यांना कुणीतरी एक खिडकी भेट दिली असणार."

सासऱ्यांना मग रात्रीतून पुन्हा पुन्हा उठावं लागायला लागलं. लघवीचा त्रास. पुरुषांना मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, ती वयाने वाढते. रक्ताची तपासणी केली तर कॅन्सरची शंका यावी इतका आकडा चढलेला निघाला. सर्जन म्हणाले, सुईने तुकडे काढून बघावे लागतील.

"बाबा, आमच्याकडेच करू," ती म्हणाली.

सासरे ताठ झाले. "माझे तसले तुकडे सूनबाईने बघायचे? काही लाजलज्जा? मी दुसरीकडे जातो."

दुसरीकडे म्हणजे नेमके लंबूच्या हॉस्पिटलात गेले.

चार-सहा दिवसांनी दुपारी लंबूचा फोन आला. नेहमीची थट्टा नव्हती. "कॉलेजात असशील तर दार लावून घे," तो म्हणाला. तिने दार लावलं.

"तुझ्या सासऱ्यांचे तुकडे माझ्याकडे आलेत. एका तुकड्यात पेशी वाईट दिसताहेत. फारच वाईट. बाकीच्यांत काही नाही. मला पटतही नाही आणि सोडवतही नाही. मी अजून सही केलेली नाही. तू बघतेस का?"

"मी घरची आहे रे."

"सही माझीच असणार आहे. मला फक्त आणखी दोन डोळे हवेत. सर्जनला मी थांबायला सांगितलंय, पण ते थांबतील असं वाटत नाही."

सर्जन थांबले नव्हतेच. त्यांनी सासऱ्यांना फोनवर सांगून टाकलं होतं की काहीतरी संशयास्पद आहे, मनाची तयारी ठेवा. ती संध्याकाळी घरी आली तेव्हा घरात भांडण चालू नव्हतं. नवरा टेबलाशी बसून एका स्क्रूड्रायव्हरशी उगाच खेळत होता. खिडकी सताड उघडी होती, पडदे पार छतापर्यंत उडत होते, आणि सासूबाई शाल लपेटून त्या वाऱ्यात बसल्या होत्या. रेडिओ मोठ्याने चालला होता. त्यावरून त्या एक शब्द काढत नव्हत्या.

"चहा करू का हो तुमच्यासाठी?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं. सासऱ्यांनी मान डोलावली तर त्या लगेच उठल्या, आणि साखर किती तेही विचारलं. सासरे सुनेकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

दुसऱ्या दिवशी ती लंबूकडे गेली. त्याने काचपट्टी लावून खुर्ची तिला दिली. वीस-बावीस वर्षांची शिस्त तिच्या हातात होती: आधी लहान भिंग, लांबून सगळं बघायचं, मग जवळ जायचं. त्या दिवशी तिने काहीच पाळलं नाही. सरळ मोठं भिंग लावलं आणि त्या पेशींवर गेली. केंद्रकं मोठमोठी, काळीभोर, वेडीवाकडी, एकासारखं दुसरं नाही. पाठ्यपुस्तकात वाईट पेशी अशाच काढतात. डोळ्यांपुढे पेशी नव्हत्याच. वाऱ्यात शाल लपेटून बसलेल्या सासूबाई होत्या.

"मलाही तसंच दिसतंय," ती म्हणाली.

लंबू खाली बसला. "मला वाटलं होतं तू नाही म्हणशील."

"आज राहू दे. सही करू नकोस."

रात्री जेवण झाल्यावर सासरे गॅलरीत तिच्याजवळ आले. "सूनबाई, खरं सांग. तुझी सासू काल खिडकीवरून भांडली नाही. आजही नाही. पस्तीस वर्षं गाडी चालवली, पण एवढी भीती मला घाटातही वाटली नाही."

"अजून काही ठरलेलं नाही, बाबा."

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"घाबरून बघितलं. त्याला बघणं म्हणत नाहीत. उद्या परत बघते."

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना हे उत्तर का कोण जाणे पटलं. "दमल्यावर मीही गाडी बाजूला घ्यायचो," ते म्हणाले आणि आत गेले.

सकाळी तिने पर्समध्ये कोरे कागद टाकले आणि वर्गातल्या डब्यातल्या दोन पेन्सिली, गुलाबी आणि जांभळी. लंबूने त्या बघून भुवया उंचावल्या. ती बसली, लहान भिंग लावलं आणि मोठ्याला हात न लावता काढायला लागली. नाव विसरायचं, कुणाचा तुकडा ते विसरायचं, आजार की नाही तेही विसरायचं. नुसतं काय कुठे आहे ते काढायचं. आधी तुकड्याची कड. मग आतल्या पोकळ्या. त्या प्रोस्टेटमध्ये असतात तशा नव्हत्या. त्यांच्या भिंती घड्या पडून पडून आत आल्या होत्या, झालर लावल्यासारख्या. भोवती स्नायूचा चांगला जाड पट्टा. तिचा हात सुटला. आता ती जरा मोठ्या भिंगावर गेली आणि पेशी भरायला लागली. केंद्रकं जांभळी. भोवतालचं गुलाबी. आणि त्या गुलाबीत बारीक बारीक दाणे, ते मात्र...

"तुझ्याकडे तपकिरी पेन्सिल आहे का?" तिने विचारलं.

"तपकिरी कशाला? आपल्या रंगांत तपकिरी आहे कुठे?"

म्हणाला आणि स्वतःच थबकला. त्याने त्याच मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या बाजूला जोडीदारासाठी असलेल्या भिंगाला डोळे लावले. आपण काचपट्टीला लावतो ते रंग दोनच. सोनेरी तपकिरी दाणे त्यात नव्हते; ते पेशींनी स्वतःच, वयाबरोबर साठवलेले होते. असे दाणे साठवणारी आणि म्हातारपणी अशी काळी, अवाढव्य केंद्रकं करून बसणारी एक जागा दोघांनाही माहीत होती.

"लंबू, हे प्रोस्टेट नाहीच."

"शुक्राशय," तो हळूच म्हणाला.

प्रोस्टेटच्या मागे, वरच्या बाजूला, शुक्राशयाच्या दोन छोट्या पिशव्या चिकटलेल्या असतात. सुई जरा पलीकडे गेली की त्यांचा तुकडा येतो. म्हातारपणी त्यातल्या पेशी दिसायला भयंकर होतात, पण करत काहीच नाहीत. वाढत नाहीत, पसरत नाहीत, नुसत्या तिथे असतात. निरोगी असतात.

"तू कालपर्यंत या तुकड्यावर अडून बसलास ते बरं केलंस," ती म्हणाली.

"मला फक्त ते पटत नव्हतं. का पटत नाही ते सांगता येत नव्हतं." त्याने चष्मा काढून पुसला. "स्नायू मी बघितला होता. म्हटलं, असेल मूत्राशयाचा."

तरी खात्री हवी होती. तो तिला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजात घेऊन आला. तिच्या कपाटात शिकवायच्या काचपट्ट्यांचे लाकडी डबे होते. शुक्राशयाचा डबा पार तळाशी, धुळीत. परीक्षेला ते कधी येत नसल्यामुळे मुलंही त्याकडे फिरकत नसत. तिने त्यातली एक म्हाताऱ्या माणसाची काचपट्टी काढली आणि दोन मायक्रोस्कोप शेजारी शेजारी लावले. लंबू एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात डोकं घालत राहिला. तीच झालर, तोच स्नायू, तेच सोनेरी दाणे, तीच भीतिदायक केंद्रकं.

"जुळी भावंडं आहेत," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "हे आपण पहिल्या वर्षाला बघितलेलं."

"तू कँटीनमध्ये होतास," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा दोघं हसले.

लंबूने प्रोस्टेटच्या पेशी तेवढ्या रंगवणारी एक खास तपासणीही करून घेतली. बाकीच्या तुकड्यांतल्या पेशींनी रंग घेतला, या तुकड्याने घेतला नाही. मग त्याने रिपोर्ट लिहिला: वयाने वाढलेली प्रोस्टेट, कॅन्सर नाही, एका तुकड्यात नॉर्मल शुक्राशय. सही केली आणि सर्जनना स्वतः फोन करून सगळं समजावलं. सर्जनही मोकळेपणाने म्हणाले की वरच्या टोकाला सुई पलीकडे जाते कधीकधी. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलं.

संध्याकाळी तिने घरात सगळ्यांना बसवलं. खिडकी उघडीच होती. नवरा खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

"म्हणजे मला काहीच नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"ग्रंथी वाढलीय, वयाने. तिला गोळी आहे. आणि ज्या पेशी बघून आम्ही घाबरलो त्या निरोगी निघाल्या. म्हाताऱ्या झाल्यात, म्हणून दिसायला भयंकर आहेत, बाकी कुणाला त्रास देत नाहीत."

सासूबाईंनी शाल काढून घडी घातली. "दिसायला अगदी यांच्यावर गेल्यात," त्या म्हणाल्या. "पण त्रास देत नाहीत म्हणजे यांच्या नव्हेत." मग उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि ती दणकन लावली. रेडिओचा कान पिळला. मग भिंतीकडे तोंड करून त्या बराच वेळ डोळे पुसत उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी त्या दिवशी खिडकी लावलेलीच राहू दिली.

यानंतर लंबूच्या हॉस्पिटलातून अडलेल्या काचपट्ट्या अधूनमधून तिच्याकडे यायला लागल्या, आणि लंबूकडची शिकाऊ मुलंही. ती त्यांना पहिल्या दिवशी पेन्सिली द्यायची. मुलं नाकं मुरडायची. लंबूने अंकलिपी हा शब्द काढणं बंद केलं. आता तो नुसतं "तुझ्या शाळेत पाठवतोय" म्हणायचा.

सासऱ्यांना मात्र एक नवीनच खूळ लागलं. त्यांना त्या पेशी बघायच्या होत्या. "माझ्या आहेत, मीच बघितल्या नाहीत," ते म्हणाले. लाजलज्जेची आठवण तिने करून दिली नाही. एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले आणि सासूबाई, आपण काही येणार नाही असं घरी सांगूनही, त्यांच्या मागोमाग आल्या.

तिने काचपट्टी लावून दिली. सासरे आधी एक डोळा मिटून बघत होते. दोन्ही उघडे ठेवायचे हे त्यांना शिकवावं लागलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवावेत तसे दोन्ही हात मायक्रोस्कोपच्या दोन बाजूंना ठेवून बघत राहिले.

"छान आहे की गं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं होतं काळंबेरं काहीतरी असेल."

"सरका, मला बघू द्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बघितलं आणि विचारलं, "हे गुलाबी यांचं स्वतःचं, की तू रंग दिलास?"

"आम्ही रंग दिला, आई."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात पहिल्या वर्षाचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली आणि मुलं आत यायला लागली. सासूबाईंना बाजारात जायचं होतं, त्या निघाल्या. सासऱ्यांनी विचारलं, मागे बसलं तर चालेल का. तिने मान डोलावली. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि मुलांना वाटलं की वरून कुणीतरी तपासणीला आलंय, त्यामुळे वर्ग कधी नव्हे इतका शांत राहिला. त्या दिवशी कातडी होती. मुलांनी चित्रं काढली. ती बाकांमधून फिरत एकेकाला विचारत होती, ही कुठली, पापणीची की टाचेची, आणि मुलं एकमेकांकडे बघत होती.

वर्ग सुटल्यावर सासरे पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या खिडकीजवळच्या दोघी आहेत ना, त्यातल्या वेणीवालीने स्वतः बघितलंच नाही काही. शेजारणीचं बघून काढलं. बसच्या आरशात दिसतं तसं मला सगळं दिसत होतं."

"बरं, बाबा."

"तिला परत बसव."

"बसवते," ती म्हणाली. चित्रांचा गठ्ठा उचलला, वेणीवालीचं चित्र शोधून वर काढलं, आणि तिला हाक मारायला दाराकडे गेली.